एकोणीस नंबरची नळी

"बाई, मी रिकामी सुई टोचली म्हणतात!"

प्रतिभा उंबऱ्यातच उभी राहिली. शिनोलीच्या उपकेंद्रातली ही नर्स करोनाच्या दोन्ही लाटांत एक दिवसही घरी बसली नव्हती. आज, नोव्हेंबरातल्या त्या सकाळी, ती उपकेंद्र सोडून द्रौपदाबाईंच्या दारात आली होती.

द्रौपदाबाईंनी निवडायला घेतलेली मेथी बाजूला सारली. याच पट्ट्यात त्यांनी चाळीस वर्षं नर्स म्हणून पायपीट केली होती.

"कोण म्हणतंय?"

"कागद म्हणतोय. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी संशोधनासाठी गावातल्या लोकांचं रक्त नेलं ना, त्यातली एकोणीस नंबरची नळी. तीन वाजता घोडेगावला मोठ्या साहेबांपुढं चौकशी हाय. काही सांगता आलं न्हाई तर मला काढून टाकतील. आन् नोकरीचं सोडा, माझ्या हातची सुई पुन्हा कोण घेईल?"

द्रौपदाबाईंनी चपला पायांत सरकवल्या.

उपकेंद्रात डॉक्टर स्वप्ना कागद पसरून बसल्या होत्या. पोरसवदा दिसत होत्या, पण बोलणं नेमकं.

"लशीमुळे रक्तात एक खूण उमटते," त्या म्हणाल्या. "आजारच होऊन गेला असेल तर ती खूण असते आणि शिवाय दुसरीही. इथे दिलेल्या लशीने ती दुसरी उमटत नाही."

"आणि एकोणीस नंबर?"

"कोरी. स्नेहल, वय बावीस. चौदा ऑगस्टला इथे पहिला डोस घेतल्याची नोंद आहे. रक्तात काहीच नाही."

"नळ्या बदलल्या असतील."

"पुन्हा रक्त घेतलं. तेच आलं."

"त्याच बाटलीतली लस आणखी कुणाला दिली होती?"

"सहा जण आमच्या यादीत आहेत. सहाही जणांच्या रक्तात खूण आहे."

"म्हणजे बाटलीत पाणी नव्हतं."

"नव्हतं. पण एखादी सुई रिकामी असू शकते," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

प्रतिभा उसळली. "माझ्या लेकराची शपथ घेऊन सांगते..."

"शपथा नकोत," द्रौपदाबाई म्हणाल्या. "स्नेहलला टोचलेलं तुला आठवतं का?"

"पोरगी आली व्हती, एवढं आठवतं. तोंडाला मास्क, डोक्यावरनं ओढणी, हातात आधारची झेरॉक्स. लग्न मे महिन्यातलं, पंचवीस माणसांत उरकलेलं. गावानं नवरी पाहिलीच न्हाई, तर मी कशी वळखणार?"

"घरातल्या बाकीच्यांचं काय?"

डॉक्टरांनी कागद चाळला. "सासू अंजना आणि नवरा सुदर्शन, दोघांतही दोन्ही खुणा. सासरे गेल्या वर्षी करोनाने गेले, तेव्हा या दोघांनाही झाला होता. नणंद श्रेया सतरा वर्षांची, म्हणून लस नाही. तिच्यात पहिली खूण आहे, दुसरी नाही. दुसरी कधीकधी लवकर पुसट होते, त्यामुळे त्याचं नवल नाही."

द्रौपदाबाईंनी तो कागद मागून घेतला. मग भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटी चाळत ऑगस्टपाशी थांबल्या.

"चला," त्या म्हणाल्या. "बसून चैन पडायची नाही मला."

अंजना ओट्यावर शेंगा निवडत होती. तिघींना पाहून हसली. "या नर्सबाई! पुन्हा रगत? माझ्या सुनंच्या अंगात काई ठेवता का न्हाई?"

स्नेहल दारामागून पुढं आली. श्रेया खांबाला टेकून उभी.

"लस घेतलीस ना गं पोरी?" द्रौपदाबाईंनी विचारलं.

"हो."

"कुठल्या हातात?"

"डाव्या."

"ताप आला?"

"नाही. म्हणजे... थोडासा." स्नेहलनं चोरून नणंदेकडं पाहिलं.

द्रौपदाबाई ओट्यावर टेकल्या आणि एक शेंग फोडली. "दिवाळीला माहेरी राजुरीला धाडलीत का हिला, अंजनाबाई?"

"धाडली तर! आन् पंचमीला बी. लग्नानंतरची पयली पंचमी, सासरी कोन ठेवतं? हिचा भाऊ गोरख दोन दिस आदीच मुराळी म्हनून हजर. आठ दिस ठेवून घेतली."

"श्रेयाचे वडील हौशीरामभाऊ आजारी पडले तेव्हा ती कुठं होती?"

अंजनाचा हात थांबला. "कळंबला, मावशीकडं. आमी दोन म्हैनं तिला इकडं फिरकूच दिली न्हाई. बापाचं तोंड बी दिसलं न्हाई पोरीला."

प्रतिभा घड्याळाकडं पाहत होती. एक वाजून गेला होता.

"डॉक्टरबाई," द्रौपदाबाई म्हणाल्या, "तुमचा कागद खरं बोलतोय. प्रतिभाची सुईही भरलेलीच होती. फक्त ती दुसऱ्या दंडात गेली."

त्यांनी बोटांवर तारखा मोजल्या.

"यंदा पंचमी तेरा ऑगस्टला होती. लसीकरण चौदाला."

"मीच ठरवला तो दिवस," प्रतिभा पुटपुटली. "सण उरकल्यावर बायका येतील म्हणून."

"आल्याही. पण स्नेहल तेव्हा राजुरीत झोके घेत होती. मग तिच्या नावानं कोण आलं? तरुण मुलगी, या घरातली, जिच्या हाती तिच्या आधारची झेरॉक्स पडेल अशी. आता श्रेयाची नळी बघा. आजार झालेल्या घरापासून ती दोन महिने लांब होती. म्हणजे दुसरी खूण पुसट झाली नाही, ती कधी उमटलीच नाही. आणि पहिली एकटीच असेल, तर ती लशीची."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "लस नाही असं लिहिलं होतं, म्हणून मी तिकडे बघितलंच नाही!"

श्रेया खांबाला धरून खाली बसली.

"मी तीनदा गेले व्हते उपकेंद्रात," ती म्हणाली. "अठरा पुरी न्हाईत म्हनून माघारी धाडलं. बाप गेल्यापासनं मला रोज वाटायचं, आता आईचा नंबर, मग दादाचा, मग माझा. वहिनीला लस नकोच व्हती."

"माहेरी सगळ्या म्हणायच्या, लशीनं मूल राहत नाही," स्नेहल पुढं होऊन म्हणाली. "मीच झेरॉक्स दिली. रक्त घेताना खरं सांगायचं धाडस झालं नाही."

अंजनानं हात उगारला. द्रौपदाबाईंनी तो वरच्यावर धरला.

"देवीच्या लशीच्या वेळी कणगीमागं लपलेल्या बाया मी ओढून काढल्यात, अंजनाबाई. चोरून लस घेणारी ही पहिलीच." मग त्या पोरींकडं वळल्या. "पण चार दिवस झाले, प्रतिभाच्या नावानं गावात कुजबुज चाललीय. तुम्हा दोघींना ऐकू येत होती ना?"

"येत होती," स्नेहल म्हणाली.

प्रतिभा पुढं झाली. ती आता ओरडेल, असं सगळ्यांना वाटलं. ती श्रेयासमोर उकिडवी बसली.

"ताप किती आला व्हता तुला?"

"लई. दोन दिस."

"आन् मला बोलवलं न्हाईस?"

"कशी बोलवू, ताई? तुमच्या वहीत मी नव्हतेच."

प्रतिभा उठली. बाहेर डॉक्टरांनी घोडेगावला जायला गाडी वळवून लावली होती. स्नेहल न सांगता चप्पल घालून उभी राहिली. श्रेयाला मात्र उठवेना.

"साहेब मला काय करतील?"

"ते मला ठाऊक न्हाई," प्रतिभानं तिचा दंड धरून तिला उभं केलं. "पण चल. गाडीत माझ्याशेजारी बस."