उलटी उत्तर

"नाही म्हणजे नाही! रशियाला हात लावायचा नाही!"

अल्पेश दोन्ही हात पसरून उरल पर्वतावर उभा राहिला. उरल पर्वत म्हणजे गेरू फासलेल्या दगडांची रांग, त्यामुळे त्याचा एक पाय युरोपात होता आणि दुसरा आशियात. समोर किल्ले स्पर्धेचे सेक्रेटरी बाळकाका मोबाईल उगारून उभे होते आणि त्यांच्यामागे अर्धं मोरिवली गोळा झालं होतं.

"हात लावायचा नाही? अरे, गावच्या विहिरीचं पाणी लाल झालंय! मासे मेलेत! तुमचाच गेरू उतरलाय त्यात. उद्या संध्याकाळी जेसीबी येणार आणि हा चिखल सपाट होणार. विषय संपला!"

"चिखल नाही, सैबेरिया आहे तो!" अल्पेशची धाकटी बहीण मनाली फणकारली.

खरं तर सुरुवात बाळकाकांनीच केली होती. "तेच तेच किल्ले बघून कंटाळा आला, यंदा काहीतरी मोठं करा रे!" असं तेच म्हणाले होते. अल्पेश कसला ऐकतोय! "मोठं ना? मग जगातला सगळ्यांत मोठा देशच करू!" त्यांची मैत्रीण अनुया नकाशावेडी. ती कॉलनीतून सायकल मारत आली ती ॲटलास घेऊनच. विहिरीजवळच्या गावकीच्या मोकळ्या जागेत तिघांनी माती कालवून रशिया उभा केला. किल्ल्यावर पेरतात तसे अळीव पेरले आणि सैबेरियाचं जंगल उगवलं. उल्हासनगरच्या बाजारातून आणलेली आगगाडी मॉस्कोहून निघून पार पूर्वेच्या समुद्राला टेकली. किल्ल्यावरचे मातीचे मावळे रशियाचे नागरिक झाले आणि बहुतेक सगळे उरलच्या पश्चिमेला दाटीवाटीनं बसले.

"आरं, एवऱ्या मोठ्या देशान मानसं एकाच कोपऱ्यान कशी?" अल्पेशच्या मधुकाकांनी तेव्हा विचारलं होतं.

"पूर्वेला थंडी मरणाची, काका! जमीन आतून बारा महिने गोठलेली. तिकडे पिकणार काय आणि खाणार काय?" अनुयानं सांगितलं होतं.

"मंग आपलं मोरिवलीच बरं!" म्हणून मधुकाका खूप हसले होते. आज मात्र तेही हसत नव्हते. गावाच्या विहिरीचा प्रश्न होता.

"पण आमचाच रंग कशावरून?" अनुयानं बाळकाकांना विचारलं.

"हा घ्या पुरावा!" बाळकाकांनी मोबाईल पुढे केला. मनालीनं स्पर्धेच्या ग्रुपवर टाकलेला फोटो होता. "वर तुमचा रशिया, खाली विहीर. वरचं पाणी खाली येतं, हे शाळेत शिकवत नाहीत वाटतं?"

अनुयानं फोटोकडे पाहिलं आणि तिचे डोळे विस्फारले. "काका, तुम्ही फोटो फिरवलात!"

"मग? उलटा टाकला होता तुम्ही. नकाशात उत्तर नेहमी वर असते. मी सरळ केला."

"अहो, तो उलटाच आहे! ओब, येनिसे, लेना, सैबेरियाच्या या मोठ्या नद्या उत्तरेला वाहतात. पाणी खरंच तसं वाहावं म्हणून आम्ही उत्तर उताराकडे ठेवली. विहीर आमच्या दक्षिणेला, मंगोलियात आहे, आणि तिकडे चढ आहे! आमचा गेरू काय चढ चढून गेला?"

"ए मुली, उलट उत्तर नकोय मला!"

"पण काका," मनाली पटकन म्हणाली, "आमची उत्तर उलटीच आहे!"

मागे बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बाळकाका लालबुंद झाले. चढ इतका हलका होता की सहज बघणाऱ्याला कळूही नये, आणि ते तर फोटो बघूनच निकाल देऊन बसले होते. मधुकाका मात्र मान खाजवायला लागले.

"पोरी बोलतंय त्यान दम हाय. पन मंग लाल पानी आलं कुठून? त्ये सांगा."

"सांगतो! उद्या संध्याकाळच्या आत सांगतो!" अल्पेश गरजला.

"नाही सांगितलंत तर रशिया सपाट," बाळकाकांनी बजावलं.

गर्दी पांगली. तिघं बैकाल सरोवराच्या काठावर बसली. बैकाल जगातलं सगळ्यांत खोल सरोवर, म्हणून त्यांनी तो खड्डा ढोपरापर्यंत खणला होता. पाणी स्पर्धेच्या दिवशी भरायचं ठरलं होतं. आणि खड्ड्यात चक्क पाणी होतं!

"अल्प्या, तू भरलंस?"

"मी कशाला? मला वाटलं मनालीनं भरलं!"

"मला वाटलं तूच!"

अनुयानं बोट बुडवलं. पाणी लालसर होतं आणि नाक झिणझिणेल असा वास येत होता. "गेरूला असा वास नसतो," ती हळूच म्हणाली.

"हे बघा!" मनाली ओरडली. बैकालपासून विहिरीच्या दिशेनं अळिवाचा एक पट्टा पिवळा पडला होता. बाकीचं जंगल हिरवंगार! तिघं त्या पट्ट्यावरून निघाली. मंगोलियात गवत पिवळं. विहिरीच्या कडेनंही पिवळं. तो पट्टा वर चढत थेट चढावरच्या रंगाच्या कारखान्याच्या मागच्या भिंतीला भिडला. आणि भिंतीपलीकडून आवाज येत होता, घर्रर्र!

"दिवाळीची सुट्टी ना कारखान्याला? मग मोटर कशी चालू?" अल्पेश भिंतीवर चढला. आत एक सुपरवायझर जुन्या गटाराच्या चेंबरमध्ये पाईप सोडून लाल सांडपाणी ओतत उभा होता. त्यानं वर पाहिलं आणि झटकन मोटर बंद केली.

"ए! काय पाहिजे? चल, निकल!"

"बॉल आलाय का इकडे?" अल्पेशनं भाबडा चेहरा केला आणि खाली उडी मारली. "ते गटार आपल्याकडेच येतंय! जमिनीखालची नळी फुटली असणार."

"आत्ता सांगितलं तर तो नाही म्हणेल," अनुया म्हणाली. "सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोटर चालू व्हायला हवी."

दुसऱ्या दिवशी दुपारी अनुया त्याच भिंतीपाशी उभी राहून घसा ताणून ओरडली, "चल गं मनाली! संध्याकाळी सगळं गाव बक्षीस समारंभाला जाणार. इथं चिटपाखरूसुद्धा नसणार!"

संध्याकाळी जेसीबी आला. मुलांच्या विनंतीवरून तो रस्त्यावरच बंद करून ठेवला. गावकरीही गुपचूप रशियाभोवती जमले. अल्पेशनं मगानं बैकाल पार कोरडा केला आणि सगळे खड्ड्यात टक लावून बसले.

काहीच होईना.

"झालं नाटक?" बाळकाकांनी ड्रायव्हरला खूण केली. जेसीबी धडधडत आत शिरला. मनाली सरळ सैबेरियाच्या मधोमध मांडी घालून बसली. "आधी मला उचला!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती तसूभरही हलली नाही. अनुया तिच्या शेजारी बसली. ड्रायव्हरनं बाळकाकांकडे पाहिलं आणि इंजिनच बंद केलं.

त्या शांततेत भिंतीपलीकडून आवाज आला. घर्रर्र!

"थांबा!" अल्पेश किंचाळला.

बैकालच्या भिंतीतून लाल धार फुटली! बघता बघता खड्डा भरू लागला. मधुकाकांनी ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं आणि धोतर आवरून भिंतीकडे धाव घेतली. त्यांच्यामागे सगळं गाव! सुपरवायझर हातात पाईप घेऊन तसाच सापडला.

"मोटर... मोटर चेक करत होतो," तो चाचरला.

"चेक झाली!" मनाली म्हणाली. "चांगली चालते!"

पोलीस आले, प्रदूषण तपासणारे आले, चेंबरला सील लागलं. रशिया सपाट करायला आलेल्या जेसीबीनं विहिरीशेजारची फुटकी नळी उकरून काढली. विहीर उपसून स्वच्छ व्हायला वेळ लागणार होता, पण आता तिच्यात विष येणार नव्हतं.

मधुकाकांनी तिघांच्या पाठीवर हात ठेवला. "पोरांनो, तुमच्या रशियानं आमची इहीर वाचवली. गाव इसरनार नाय!"

बाळकाका बराच वेळ रशियाला फेऱ्या मारत होते. मग ते मुलांसमोर आले. "चुकलंच माझं. आधी येऊन नीट बघायला हवं होतं." त्यांनी स्वतः उताराच्या टोकाला उभं राहून नवा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. लगेच कुणीतरी लिहिलं, "सेक्रेटरीसाहेब, फोटो उलटा आलाय."

बाळकाकांनी चष्मा नीट केला आणि एका बोटानं टाईप केलं, "फोटो बरोबर आहे. आमची उत्तर उलटीच आहे. शंका असेल त्यानं इथे यावं!"