कारवीच्या काडीएवढा कीबोर्ड

मे महिन्यातली दुपार होती. मुरबाडच्या एसटी स्टँडसमोरच्या दुकानांनी शटरं अर्धी ओढून घेतली होती आणि रविना काउंटरवर बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होती. तेवढ्यात खाकी कपड्यांतला एक उंच तरुण वाकून आत आला आणि त्यानं काउंटरवर एक काडी ठेवली. कारवीची होती, सोललेली, दोन्ही टोकं नीट कापलेली.

"एवढाच कीबोर्ड पायजे."

रविनानं आधी काडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"दादा, फूटपट्टी नव्हती का घरी?"

"होती. पण स्टीलची हाय. चमकते."

"मग?"

"चमकलेलं चालत नाय तिथं."

एवढं बोलून तो मांडणीवरचे कीबोर्ड बघू लागला. रविनाला हसूही आलं आणि कुतूहलही वाटलं. कॉम्प्युटरच्या सामानाचं हे दुकान तिच्या मामाचं. आंबे उतरवताना रंगूमामा झाडावरून पडला, पाय मोडून घेतला, आणि तो उभा राहीपर्यंत गल्ला सांभाळायला ही भाची सापगावहून आली होती. आजवर गिऱ्हाइकं किंमत विचारत आली होती, नाहीतर रंग. काडी घेऊन कुणी आलं नव्हतं.

तिनं एकेक कीबोर्ड काडीशेजारी ठेवून पाहिला. सगळेच लांब.

"ही बाजूची आकड्यांची बटणं आहेत ना, तीच जागा खातात. ती नसलेला घ्या. आकडे वरच्या रांगेत असतातच." तिनं एक आखूड कीबोर्ड पुढे सरकवला. काडीला अगदी बरोबर.

"वायर नको. तिच्या वाटंत येते."

तिच्या? रविनानं त्याच मापाचा बिनवायरचा काढला. तो वाकला, बटणांजवळ कान नेला आणि एकेक बटण हळूच दाबून पाहू लागला. जणू आंब्याच्या अढीतला पिकलेला आंबा शोधत होता.

"वाजतो हा."

"कीबोर्ड आहे, दादा. वाजणारच."

"तसं नाय मॅडम... ती दचकते."

आता मात्र रविनाला राहवेना. "कुठे ठेवणार हा? काम काय करता तुम्ही?"

त्यानं सांगितलं. नाव पंढरी. सिद्धगडाच्या पायथ्याला, नारिवलीच्या पुढच्या चौकीत वनरक्षक. चौकीतल्या लॅपटॉपची अर्धी बटणं मेली होती. "रिपोर्ट पाठवायचा तर 'वाघ' लिहिता येत नाय."

"वाघ आहे तिथं?"

"नाय. पण आला, तर लिहिता यायला पायजे ना?"

रविना खळखळून हसली. तो हसला नाही, पण दारातून बाहेर पडताना त्यानं एकदा वळून पाहिलं. आणि ती पाहतेय हे पाहून घाईनं स्टँडकडे निघून गेला.

चार दिवसांनी तो कीबोर्ड घेऊन परत आला.

"फार वाजतो. मी टाइप करायला बसलो की ती उठूनच जाते. परवा किती वेळ आलीच नाय."

रविनाच्या डोक्यामागे भिंतीवर पाटी होती – उघडलेला माल परत घेतला जाणार नाही. पाटी मामाच्या अक्षरातली होती. तिनं पाटीकडे पाठ केली आणि कीबोर्ड घेतला.

"आवाज न करणारा मिळतो. कल्याणहून मागवावा लागेल. पण एका अटीवर. ती कोण, ते मी ओळखणार."

"ओळखा की."

"आई? आजारी आहे?"

"आई ठणठणीत. आत्ता करवंदं तोडत असंल."

"मग लहान बहीण. झोपाळू."

"बहीण नाय मला." पंढरीच्या गालात काहीतरी हललं. "कीबोर्ड आला की फोन करा. तवर इचार करा."

रविनानं विचार केला. जरा जास्तच केला. संध्याकाळी मामीबरोबर भाकऱ्या थापताना, सकाळी शटर वर ढकलताना. चौकीत कोण झोपतं? कोण दचकतं? कुणाच्या वाटेतली वायर काढायला हा माणूस एवढ्या उन्हात डोंगरातून खाली येतो? एक उत्तर तिला केव्हाच सुचलं होतं, पण ते तिला आवडत नव्हतं. आणि ते का आवडत नाही, हे स्वतःला विचारायची तिची तयारी नव्हती.

बिनआवाजाचा कीबोर्ड आला. त्यानं येऊन नेला. जाताना एका पानात गुंडाळलेली करवंदं काउंटरवर ठेवली – "आईनं दिली" – आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला, "आईला माहीत नाय, कुणाला दिली ते." त्या दिवशी रविना त्याला एकदाही दादा म्हणाली नाही. तिच्या ते लक्षात आलं, तेव्हा तो स्टँडवर पोचलासुद्धा होता.

आठवडा गेला आणि पंढरी पुन्हा दारात. हातात तोच कीबोर्ड, आणि काडी... काडी चांगली चार बोटं आखूड झालेली!

"हे काय? टेबल आटलं की काय?"

"टेबल तेवढंच हाय. माणसं वाढली."

रविनाचा हात जागच्या जागी थांबला. "वाढली... म्हणजे बाळ?"

"हां. परवाच." आणि काय ते हसू त्याच्या तोंडावर! कुठल्याही बापाला शोभावं असं.

तिनं मान खाली घातली. मांडणीच्या खालच्या कप्प्यातून टॅबलेटबरोबर वापरायचा अगदी चिमुकला कीबोर्ड काढला, काडीशेजारी ठेवला. बरोबर बसला.

"हा घ्या, दादा."

"आज दादा?"

"गिऱ्हाइकाला दादाच म्हणतात."

"मागच्या खेपेला नव्हतं म्हटलं."

म्हणजे यानंही मोजलं होतं तर! तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण ती ताठ उभी राहिली. "अभिनंदन. तुमच्या बायकोलाही सांगा माझ्याकडून."

"कुणाच्या?"

"तुमच्या. जी झोपते, दचकते, उठून जाते... तिला."

पंढरीनं काउंटर दोन्ही हातांनी धरला आणि असा हसला, असा हसला की समोरचा रसवाला घुंगरू थांबवून बघायला लागला.

"बायको नाय गो मला!"

ते 'गो' दुकानात तसंच राहिलं. मॅडम म्हणणारा माणूस कुठल्या कुठे गेला होता. दोघांच्याही ते लक्षात आलं.

"मग... कोण आहे ती?" रविनानं हळूच विचारलं.

"सांगून खरं वाटायचं नाय. यायला लागंल बघायला."

"येतो की आमी! रविवारी येतो," मागून आवाज आला. चंद्रकलामामी डबा घेऊन केव्हाची दारात उभी होती. "काय बघतेस माझ्याकडे, रवे? मला पन बघायचंय, कोन दचकतं ते."

रविवारी सकाळच्या गाडीनं दोघी नारिवलीला उतरल्या. पंढरी वाटेवर उभाच होता. नवा शर्ट, ओले विंचरलेले केस. मामीनं रविनाला कोपरानं ढोसलं. जांभळांच्या सावलीतून चालत ते चौकीपाशी आले, तसा त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

आत एकच खोली. लाकडी टेबल, त्याच्या मागच्या बाजूला झाकण तुटलेला एक खण. लॅपटॉप स्टुलावर. टेबलाच्या अगदी कडेला तो चिमुकला कीबोर्ड, बाकीचं टेबल रिकामं, स्वच्छ पुसलेलं. रविना श्वास रोखून उभी राहिली. बिनकाचेच्या खिडकीतून काहीतरी भुर्रकन आत आलं आणि रिकाम्या टेबलावर उतरलं. शेपूट वर उडवणारा, राखाडी रंगाचा पक्षी. चोचीत हिरवी अळी. तो टुणटुण उड्या मारत खणाशी गेला, आणि खणातून चार पिवळ्या चोची एकदम उघडल्या.

"दयाळ," पंढरी तिच्या कानाशी कुजबुजला. "मादी हाय. नर बाहेर गातो. आधी अंड्यांवर बसायची, तवा निम्मं टेबल पुरं व्हायचं. पिल्लं झाली, तशी दोघांना उतरायला जागा लागली."

"मग सांगितलं का नाहीस आधी?" ती 'तुम्ही' विसरली होती.

"बरोबरच्यांना सांगितलं, तर हसले. घरटं उचलून भायेर ठेव म्हनाले. म्हटलं, तू पन हसशील."

रविना हसत नव्हती. चौथी चोच मागे राहत होती, तिला अळी मिळते की नाही, याकडे तिचा सगळा जीव लागला होता. मिळाली. तिनं सुटकेचा निःश्वास सोडला आणि वळून पाहिलं, तर पंढरी पक्ष्याकडे बघतच नव्हता.

मामीला अचानक जांभळं वेचायची आठवण झाली. दोघं चौकीच्या पायरीवर बसली.

"मामा उद्यापासून दुकानात बसणार," रविना म्हणाली. "मी जाते परत. शहापूरला माझं काम आहे, सेतू केंद्रात."

तो पायाखालची माती उकरू लागला.

"एक सांगू? पहिला कीबोर्ड वाजत होता, ते खरं. दुसरा मात्र... बरा होता. निभावलं असतं त्याच्यावर."

"मग काडी कशाला कापलीस?"

"दुकानात यायला काय तरी लागतं ना."

तिला हसू आवरेना. पण तो गंभीर होता. "रविना, आमची वाडी त्या तिकडं वर. आदिवासी ठाकरांची. घरात आमी आमचीच बोली बोलतो. तुमच्या सापगावला चालंल का, ते मला ठाव नाय."

"सापगावला नंतर विचारू. आधी मला विचार."

"इचारलं."

"असं नाही. नीट."

पंढरी उठून तिच्यासमोर उभा राहिला. पानगळीनं उघड्या पडलेल्या सागातून ऊन त्याच्या खांद्यावर पडलं होतं. "तू मला आवडतेस. माझ्याशी लगीन करशील?"

"करीन," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला तो पुन्हा काढावा लागला. "करीन रे."

पुढच्या रविवारी पंढरीची मोटरसायकल किन्हवलीवरून शहापूरकडे आली आणि सापगावात रविनाच्या ओटीपुढे थांबली. बाबा पेरणीआधीचं बियाणं पाखडत बसले होते. रविनानं घरात सगळं सांगितलं होतं, आणि त्या दिवसापासून बाबा तिच्याशी कामापुरतंच बोलत होते. आई आतबाहेर करत होती. रविना दाराआड उभी.

"बसा," बाबा म्हणाले. "काय काम काढलंत?"

"रविनाला मागणी घालायला आलोय," पंढरीनं सांगितलं. आडवळण नाही, काही नाही. मग वाडीचं नाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं, नोकरी सांगितली.

बाबा सूप हलवत राहिले. तांबड्या भाताचा सळसळ आवाज. मग त्यांनी सूप खाली ठेवलं.

"वरी पेरता का तुमी तिकडं?"

"पेरतो. नाचणी पन. या साली मी रजा टाकलीय लावणीला."

"रजा टाकलीय?" बाबांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या हातांकडे, घट्टे पडलेल्या बोटांकडे. "हां... आमच्याकडं अजून मान्सं हायेत घरात. त्यांना पन इचारायला लागंल. लगेच काय सांगत नाय मी."

"थांबीन मी."

बाबांनी आत मान वळवली. "रवे, उन्हाचा आलाय तो. जेवून जाईल. पान वाढ."

रविना चुलीशी धावली. तांदळाचं पीठ परातीत घेताना ती थबकली. परत बाहेर जाऊन विचारावं की काय, असं तिला झालं. या माणसाला भाकऱ्या किती लागतात, हे तिला अजून ठाऊकच नव्हतं.