घुंगरमाळेचं तेल जातं कुठं?

"यंदा हौशाचा कासरा मी धरणार," श्रीमंतकाकांनी जेवता जेवता जाहीर करून टाकलं. "अप्पांना न्हाई द्यायचा!"

अंबिकाचा घास हातातच राहिला. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती नांदेडहून जळकोटला काकांकडे यायची, ती आंब्यांसाठी नव्हे, बसवजयंतीच्या मिरवणुकीसाठी. असं ती स्वतः सांगते, आपण विश्वास ठेवायचा! मिरवणुकीत पुढे चालायचा हौशा, घरचा लालकंधारी बैल, आणि त्याचा कासरा धरून ताठ मानेनं चालायचे तिचे आजोबा, गुरुपादप्पा. काका त्यांना अप्पा म्हणत, तर कर्नाटक जवळ असल्यामुळे घरातली पोरं अज्जा म्हणत.

"पण का, काका?"

"विसरायलेत गं ते. हौशाच्या घुंगरमाळेला तेल लावलं म्हणतात आणि लावत न्हाईत. दुपारी बघावं तर पट्टा कडक! मिरवणुकीच्या गर्दीत कासराच सोडून दिला, कुणाला लागलं, तर?"

"हळू बोला," मंजुषाकाकू पुटपुटल्या. "मामंजी ऐकतील."

अज्जांनी ऐकलं होतं. बाहेर ओसरीवर ते ताटातली भाकरी नुसती कुस्करत बसले होते.

जेवण होताच लिंबाखाली गुप्त बैठक भरली. अंबिका, काकांचा मुलगा शिवांश आणि शेजारचा सत्यम.

"अज्जा विसरणारे न्हाईत," शिवांश म्हणाला. "माझी सगळी भांडणं त्यांच्या ध्यानात हायत!"

"मग आज आपल्यासमोरच तेल लावू दे त्यांना," अंबिका म्हणाली. "डोळ्यांनी बघू."

संध्याकाळी तिघं अज्जांना चिकटून बसले. अज्जांनी एरंडेल मंद आचेवर ठेवलं, त्यात मधमाश्यांच्या मेणाचा खडा सोडला. मेण विरघळल्यावर ते कोमट तेल बोटांवर घेऊन घुंगरमाळेच्या चामडी पट्ट्यावर चोळायला लागले. एकेका पितळी घुंगराच्या मागंपुढं त्यांची बोटं हळूहळू फिरत होती.

"चामडं म्हंजे शेवटी कातडीच हाय, बाबांनो. तेल पाजलं की मऊ ऱ्हातं. वरून मेण असलं की ओल आत शिरत न्हाई. पण पाण्यात बुडवलं, उन्हात वाळवलं, की तडकलंच!"

फडक्यानं पुसून त्यांनी माळ देवघराबाहेरच्या खुंटीला अडकवली. पट्टा मऊसूत झाला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच अज्जा हौशाला घेऊन शेतात गेले आणि पोरं विहिरीवर पोहायला. ऊन डोक्यावर आल्यावर सगळे परतले. अज्जांनी खुंटीवरची माळ काढली आणि ते तसेच उभे राहिले. पट्टा वाळून कडकडीत झाला होता! कडेला पांढरट तडेही दिसत होते.

"शिवांश," अज्जांनी हळूच विचारलं, "मी काल तेल लावलं होतं का रे?"

शिवांश अज्जांजवळ सरकला. "हाव अज्जा! आमच्यासमोर लावलं तुम्ही!"

पण काका कुठले ऐकायला! "पोरं अज्जाच्या लाडाची. त्यांना वाचवायला खोटं बोलायलीत!"

अंबिकाचं डोकं तापलं. जयंती परवावर आली होती. अज्जा काही विसरत नव्हते, म्हणजे कुणीतरी तेल काढून टाकत होतं. पण कोण?

"चोराचे हात रंगवायचे!" तिनं ठरवलं. संध्याकाळी तिनं लाडात येऊन विचारलं, "अज्जा, तेलात हळद घालू?"

"घाल की. किडा लागणार न्हाई."

तिनं चांगली मूठभर घातली. आता ज्याचे हात पिवळे, तो चोर!

दुसऱ्या दिवशी पहाटेच सत्यम आला आणि पोहायला जायचं सोडून तिघं ओसरीवर झोपेचं सोंग घेऊन पडले. सत्यम तर इतका मनापासून सोंग घेत होता की घोरायलाच लागला. तेवढ्यात परसातून किंकाळी आली.

"अगं बाई! रक्त!"

तिघं धावले. धुण्याच्या दगडापाशी मंजुषाकाकू उभ्या होत्या. दगडावर लाल ओघळ होते. मिरवणुकीसाठी भिजवलेला काकांचा पांढराशुभ्र सदरा लाल डागांनी भरला होता. आणि काकूंच्या हातात होती साबणाच्या फेसानं माखलेली घुंगरमाळ!

काका दात घासता घासता धावत आले. "काय लागलं? कुठं लागलं?"

अंबिकाही क्षणभर घाबरली. हात पिवळे व्हायचे होते, हे लाल कसं? मग तिला शाळेतला प्रयोग आठवला. ती स्वयंपाकघरात पळाली, लिंबू घेऊन आली आणि सदऱ्यावरच्या डागावर पिळलं. लाल डाग बघता बघता पिवळा झाला!

"रक्त न्हाई, हळद आहे ही! साबण लागला की हळद लाल होते, लिंबानं परत पिवळी होते. काल अज्जांनी तेल लावलं, त्यात मी हळद घातली होती. रोज ते तेल जातं कुठं, कळलं का काका?"

काकूंनी माळेकडे पाहिलं. "म्हंजे तो चिकट मळ न्हवता? मला वाटलं, मामंजी माळ पुसायचं विसरायलेत. माळ देवघरापाशी असती, सणाला स्वच्छ पाहिजे. म्हणून रोज पहाटे धुऊन पत्र्यावर उन्हात वाळवायची, मग परत खुंटीला अडकवायची. त्यांना वाईट वाटू नये म्हणून कुणाला बोलले न्हाई." त्यांना रडू कोसळलं.

मागच्या दारात अज्जा उभे होते. किंकाळी ऐकून ते हौशाला वाटेतच सत्यमच्या घरी बांधून परतले होते.

"रडू नको, पोरी. तुझ्या धुण्याचं मला काही वाटलं न्हाई," ते म्हणाले. "मलाच वाटायलं होतं की मी खरंच विसरलो. रात्री हाताचा वास घेऊन बघायचो. एरंडेलाचा यायचा. तरी माझाच माझ्यावर इश्वास बसंना."

काका खाली मान घालून उभे होते. मग त्यांनी जाऊन अज्जांचे दोन्ही हात धरले.

मग घर कामाला लागलं! साबण ओल्या फडक्यानं पुसून काढला, माळ सावलीत वाऱ्यावर सुकवली. अज्जांनी मेण वितळवलं, काकूंनी एरंडेल ओतलं. थोडं चोळायचं, मुरू द्यायचं, पुन्हा चोळायचं. पोरं पाळीपाळीनं बसली. काकू तर उठायलाच तयार नव्हत्या. तडे बुजले नाहीत, पण पट्टा पुन्हा वाकायला लागला.

जयंतीला ढोल घुमले. हौशाच्या गळ्यात माळ चढली आणि घुंगरं छनछन वाजली. काकांनी कासरा अज्जांच्या हातात दिला, मग पोरांच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! तुम्ही नसता तर मी अप्पांना घरी बसवलं असतं रे!"

कोपऱ्यावर शेषेराव दुकानदारांनी हाक मारली, "काय श्रीमंत, यंदा बैल तू धरणार होतास ना?"

काकांनी पुढे चाललेल्या अज्जांकडे पाहिलं.

"हा मान अप्पांचा हाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मीच विसरलो होतो!"