बर्फ कारखान्याचं कलादालन

गोखिवऱ्याच्या बंद बर्फ कारखान्यात दिपिका मोजमाप घ्यायला शिरली, तेव्हा आत कुणी असेल असं तिला वाटलं नव्हतं. भिंतभर चित्रं होती. कोपऱ्यात कुणी गिटार जुळवत होतं. आणि समोर एक मुलगा, कोपरापर्यंत निळ्या रंगानं माखलेला.

"टेपचं हे टोक धरता का जरा?"

"किती वेळ?"

"भिंत संपेपर्यंत."

"मग भिंत लांब निघू दे..." तो म्हणाला, आणि दिपिकाचा आकडा चुकला.

त्याचं नाव चिराग. त्याचे आजोबा काशीराम कारखान्याचे रखवालदार. कारखाना बंद पडला तरी ते शेडमध्येच राहिले होते. आता चिराग आणि त्याचे मित्र तिथे चित्रं काढत, गाणी बसवत. घरी भांडण झालं की झोपायलाही तिथेच येत. जागा एका बिल्डरनं घेतली होती. त्याला तिथे कलादालन हवं होतं, या मनस्वी पोरांच्या अड्ड्यासारखं दिसणारं. नकाशा दिपिका काढणार होती.

ती रोज येऊ लागली. पत्रा गळायचा, ती कागद छातीशी धरून बसायची.

"खिडक्या एका ओळीत कशाला? शाळा आहे का?" चिराग विचारायचा.

"मी शिकलेली आर्किटेक्ट आहे हं."

"म्हणून तर बोलतो. जिथे बसून बाहेर बघावंसं वाटतं, तिथे खिडकी काढ."

तिनं तशा काढल्या. वरच्या मजल्यावर एक मोठी खोली काढली, कुलूप नसलेली. "ही तुमची."

त्यानं नकाशातल्या त्या खोलीवर बोट टेकवलं. "आणि आर्किटेक्ट बाई कुठे बसणार?"

"जागा मिळेल तिथे..."

"मिळाली," तो म्हणाला. त्यानं शेजारचा रंगाचा डबा सरकवून तिला जागा केली.

बिल्डर म्हणाला, शेड लवकर मोकळी झाली तर खोली राहील. दिपिकानं विश्वास ठेवला आणि चिरागला सांगितलं, "पत्रा उतरवा. खोली तुमचीच आहे. माझा शब्द."

काशीराम खाटेवरून उठून बसले. "कागुद हाती आल्याबगर पत्र्याला हात लावू नको, पोरा. पत्रा गेला का आपलं कोन आयकनार?"

"आजा, दिपिका बोललीय ना."

पोरांनी गाणी म्हणत स्वतःच्या हातानं पत्रा उतरवला.

आठ दिवसांनी बिल्डरनं त्या खोलीवर लाल रेघ मारली. तिथे कॅफे होणार होता. "वातावरण पाहिजे मॅडम, पोरं नकोत." दिपिका भांडली, काम सोडते म्हणाली. "सोडा. नकाशा मंजूर झालाय." पत्रा नव्हता, म्हणून मोजणीला आलेल्या माणसानं कागदावर लिहिलं, मोकळी जागा, कुणी राहत नाही. हक्क सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि जे सांगायला हवं होतं ते चिरागला सांगायचं धाडस तिला झालं नाही. त्याला ते बांधकामावरच्या मुकादमाकडून कळलं. काशीराम आचोळ्याला लेकीकडे गेले. थंडीत तिथेच वारले.

पुढच्या वर्षी इमारत उभी राहिली. आतल्या भिंती जुन्या शेडसारख्या रंगवायच्या होत्या. ठेकेदारानं रोजंदारीवर पेंटर आणला होता. इमारत बघायला दिपिका आत आली, तर भिंतीपाशी ब्रश घेऊन चिराग.

"तू... हे काम घेतलंस?"

"इथली भिंत कशी होती ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही."

त्याचा आवाज शांत होता. तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"चिराग, आजोबा गेले तेव्हा मी यायला हवं होतं. तोंड नव्हतं मला... तुझ्यावर प्रेम आहे माझं. तेव्हाही होतं."

ब्रश थांबला नाही. "माझंही. म्हणून तर पत्रा उतरवला. दुसरं कुणी बोललं असतं, तर मी आज्याचं ऐकलं असतं."

वरून मुकादम ओरडला, "ए पेंटर, कॅफेची भिंत कधी घेतोस?"

"आलो," चिराग म्हणाला, आणि रंगाचा डबा उचलून जिना चढू लागला.