देवमासा आडवा आला

"यवतमाळात नळाले पाणी येऊन नाही राह्यलं, आन् याले देवमासा पाहिजे…"

हे मधुवंती कॉम्प्युटरला म्हणाली होती. फ्लेक्स छापायचं मशीन घरघरत होतं, कूलर खडखडत होता, आणि एवढ्या आवाजात आपलं पुटपुटणं आपल्यापुरतंच राहतं असा तिचा समज होता. पण गिऱ्हाईक तिच्या खुर्चीमागेच, हातभर अंतरावर, प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेलं होतं.

"मले ऐकू येते बरं," गिऱ्हाईक म्हणालं.

ती वळली नाही. कान तेवढे लाल झाले. चिडली की तिचे कान लाल व्हायचे आणि लाजली तरी व्हायचे, त्यामुळे नेमकं काय झालं हे तिला स्वतःलाही जरा उशिराच कळायचं.

"आलं तर आलं. खोटं आहे का?"

"नाही. पण शेपूट खोटं आहे."

स्क्रीनवर तिने कुठून तरी उचललेला एक निळा मासा लावला होता. भोवती सोनेरी महिरप. ती महिरप वाढदिवसाच्या फ्लेक्सची होती, पण हात सवयीने तिकडेच जायचा.

"माशाचं शेपूट उभं असते," तो म्हणाला. "देवमाशाचं आडवं. तुम्ही लावला तो मासा आहे."

"मग देवमासा काय आहे?"

"मासा नाही. पिल्लाले दूध पाजते. श्वास घ्यायले वर येते."

"नावातच मासा आहे ना, दादा!"

"नावावर नका जाऊ…" तो थांबला. "आन् दादा नका म्हणू."

आता मात्र ती वळली. उन्हाने रापलेला चेहरा, डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्या — दिवसभर लांबवर बघत राहणाऱ्या माणसाला पडतात तशा. इतक्या जवळचं बघायची त्याला सवय नसावी, कारण नजर मिळताच तोच गडबडला.

"खाली शुभेच्छुक कोण टाकू?" तिने तोऱ्यात विचारलं.

"शुभेच्छुक कायले?"

"फ्लेक्स आहे. शुभेच्छुक लागतातच."

"मग टाका — समस्त देवमासे, अरबी समुद्र."

ती खुदकन हसली, आणि हसू आलं म्हणून पुन्हा चिडली.

त्याचं नाव लखीराम चव्हाण. मालवणच्या बाजूला देवमाशांच्या नोंदी ठेवणारा एक प्रकल्प होता, त्यात हा कंत्राटी नोकरीला. मासेमारांचा फोन आला की बोटीने जायचं आणि काय दिसलं ते बघून यायचं. पावसाळ्यात समुद्र बंद होतो, होड्या किनाऱ्यावर ओढतात. तेवढे दोन महिने तो महागावकडे घरी येऊन आईबापांबरोबर वावरात राबायचा. त्या वर्षी कॉलेजातल्या एका मित्राने त्याला व्याख्यानाला बोलावलं होतं. त्याचाच हा फ्लेक्स.

व्याख्यानाला मधुवंती गेली. फ्लेक्स सरळ लागला आहे का, एवढंच बघायला, असं तिने स्वतःला सांगितलं होतं.

"पहिले फवारा दिसते," लखीराम सांगत होता. "कपाशीवर पंप मारतो ना आपण, तसा. मंग काळी पाठ. मंग काहीच नाही. आपण नुसतं पाह्यत राह्यतो." त्याने पडद्यावर एक चित्र आणलं. पाठीवर उंच सुळक्यासारखा पर, डोळ्यामागे पांढरा ठिपका. "हा ओर्का. लोकं यालेही देवमासा म्हणतात. खरं म्हणजे डॉल्फिनच्या भावकीतला. मी आतापर्यंत एकदाच पाह्यला… बहुधा."

"बहुधा म्हणजे?" मागून मधुवंतीने विचारलं.

"आमच्यात दोनच प्रकार. जवळून, ओळख पटून दिसला — खात्रीशीर. दुरून दिसला — बहुधा."

बाकीच्यांना एकच विचारायचं होतं: देवमाशाची उलटी किती कोटीला जाते? त्याने ती विकणं गुन्हा आहे असं सांगितल्यावर अर्धा हॉल उठून गेला. ती बसून राहिली. पंख्याच्या वाऱ्यात तिच्या ओढणीचं टोक सारखं पुढच्या खुर्चीवर जात होतं… आणि बोलता बोलता त्याची नजर सारखी त्या टोकावर.

पुढे वर्षभर फोन. तो किनाऱ्यावर, ही दुकानात. लाटांचा आवाज आणि मशीनची घरघर एकमेकांत मिसळायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं कोणाला कळलं नाही.

"आज दिसला?"

"फवारा दिसला."

"आन् मी? मी कोणत्या प्रकारात — खात्रीशीर का बहुधा?"

तिकडे नुसत्या लाटा…

"सांग ना!"

"बोट जवळ घ्यावी लागन," तो हळूच म्हणाला. तिचे कान लाल झाले. या वेळी कशाने, ते लगेच कळलं.

यंदा समुद्र बंद झाला तसा तो आला आणि थेट तिच्या घरी आला. इस्त्रीचा शर्ट, हातात कोकमाच्या सरबताची बाटली. ठरलं होतं ते असं, की होड्या पुन्हा पाण्यात जाण्याआधी घरच्यांचा होकार घ्यायचा. बाबांच्या होकाराशिवाय मधुवंतीला लग्न नको होतं आणि लखीशिवायही नको होतं. गाठ एवढीच होती, पण घट्ट होती.

बाबांनी, म्हणजे श्रीकृष्णरावांनी, त्याला खुर्ची दिली. सगळी नोकरी सरकारी कचेरीत काढलेला, कोणाला वाकडं न बोलणारा माणूस. आई, सुमेधाबाई, चिवडा घेऊन आली. सगळं इतकं छान चाललं होतं!

"चव्हाण…" बाबांनी आठवल्यासारखं केलं. "चव्हाण म्हणजे कुठले?"

यवतमाळच्या बैठकीत 'कुठले' या शब्दाचा नकाशाशी फारसा संबंध नसतो. हे मधुवंतीला माहीत होतं. लखीलाही होतं.

"महागावजवळचा तांडा, काका. फकिरा चव्हाणांचा मुलगा मी."

"अच्छा… तांडा." बाबांनी बशीतला चमचा सरळ केला. मग उलटा केला. मग पुन्हा सरळ. "आणि नोकरी — समुद्रावर. नाही का?"

तिथून देवमासा आडवा आला, तो हलेचना.

"माणूस वाईट नाही गं," रात्री जेवताना आई म्हणाली, "पण समुद्र म्हणजे… दमट हवा. तुझे केस गळतील."

"कंत्राटी आहे," बाबा म्हणाले. "उद्या देवमासेच आले नाहीत तर?"

"बाबा, ते काय रोजंदारीवर आहेत का?"

दुसऱ्या दिवशी न्याहारीला बाबांनी मोबाइल पुढे केला. ओर्का एका शिडाच्या होडीला धडका देत होते.

"हा बघ. तुझ्या त्याचा मासा."

"मासा नाही तो! आणि हे स्पेनकडचं आहे."

"ओर्काला काय पासपोर्ट लागतो?"

अकोल्याच्या आत्याने फोन करून त्सुनामीची आठवण करून दिली. ज्या माणसांनी नागपूरच्या अंबाझरी तलावापलीकडे पाणी पाहिलं नव्हतं, ती भरती-ओहोटीवर बोलू लागली. मधुवंती भांडी आदळायची, दारं आपटायची. दुकानात तर एका होतकरू नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर 'हार्दिक'च्या जागी 'भावपूर्ण' टाकून बसली. नेता ओरडला. ती त्याच्या दुप्पट ओरडली.

तिला राग नकाराचा नव्हता. नकार कोणी दिलाच नव्हता! नुसतं एक गरीब जनावर पुढे करून सगळे त्याच्या पाठीमागे लपले होते. आणि लपायला ते पुरतंही होतं, केवढं मोठं असतं ते.

मग लखी तिला तांड्यावर घेऊन गेला. त्याची याडी, म्हणजे आई, जमनाबाई, दारातच उभी होती. पांढरे केस, कोपरापर्यंत बांगड्या. "आव, बेस," म्हणत तिने मधुवंतीला खाटेवर बसवलं, गूळ दिला, पाणी दिलं, हाताचा पंजा उलटा करून पाहिला.

"कॉम्प्युटरचा हात हाय. नरम." मग लेकाकडे न बघता म्हणाली, "पोरगी सोन्यासारखी हाय, बाप्पा. पण थ्या समुद्रावर कशी राह्यन? खारं पाणी. पोरीचा जीव सुकन तिथं."

मधुवंतीने गुळाचा खडा तोंडातच धरून ठेवला. इथेही तोच! दोन घरांच्या मधोमध, भर सोयाबीनच्या रानात, एकच देवमासा पाय नसताना उभा.

महागावच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना तिचा बांध फुटला.

"तू काहून चिडत नाहीस? माझे बाबा केस गळायच्या गोष्टी करतात, तुझी आई खाऱ्या पाण्याच्या. तू नुसता मान हलवून राह्यला! तुले राग येतच नाही का?"

"येते ना."

"मग कधी दिसन तो? का त्याचाही नुसता फवाराच दिसते?"

तो हसला नाही. पहिल्यांदाच.

"वैष्णवीले तू माझ्याबद्दल काय सांगतलं?" त्याने विचारलं.

वैष्णवी तिची शाळेपासूनची मैत्रीण. परवा लखीसमोरच तिचा फोन आला होता.

"काय म्हणजे… नाव सांगितलं. चव्हाण. महागावचा."

"मी महागावचा आहो का?"

एसटी आत शिरली. लोक खिडक्यांतून रुमाल टाकून जागा धरू लागले. ती जागची हलली नाही.

"चव्हाण म्हटलं की लोकं जे समजतात, ते तू समजू दिलं," लखी म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण त्यात काहीतरी तापलेलं होतं. "ओर्काले देवमासा म्हणू देतात तसं. तुझे बाबा थो शब्द म्हणत नाही, माझी याडी म्हणत नाही. ते मोठे लोकं, घाबरतात. पण मधु… तू? एवढी भांडतेस साऱ्यांशी. थो एक शब्द सोडून."

तिला काहीतरी टाकून बोलायचं होतं. जीभ तयारच असायची तिची. या वेळी ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"आन् मी पण," तो म्हणाला. "तू फोनवर विचारलं होतं, खात्रीशीर का बहुधा. मी बोट जवळ घ्यायच्या गोष्टी सांगतल्या. भेव वाटत होतं. खात्रीशीर आहेस तू, मधु. दुकानात वळली होतीस ना, तेव्हापासूनच." त्याने तिची पिशवी गर्दीतून वर, बसच्या दारात ठेवली. "जाय आता. जागा नाही भेटणार."

जागा मिळालीच नाही. यवतमाळपर्यंत ती उभी राहिली. राग तसाच होता, आणि त्या रागाला आता दुसरं कोणी सापडत नव्हतं.

घरी बाबा दिवाणावर मोबाइल घेऊन बसले होते. आई कणीक मळत होती.

"आलीस? हे बघ, आणखी एक आलाय. अख्खं सुकाणू तोडलं बघ—"

"बाबा, लखीने समुद्र सोडला तर?"

"काय?"

"समजा सोडला. इथेच नोकरी लागली. यवतमाळात. पक्की, पेन्शनवाली. तुमच्याच कचेरीत लागली समजा. मग हो म्हणाल?"

बाबांनी चष्मा काढला. पुसला. मोबाइलवर ओर्का पुन्हा पहिल्यापासून धडका मारू लागला.

"हे असं समजा-समजी करून…"

"मग दमट हवा नाही. कंत्राट नाही. त्सुनामी नाही. तुमच्या होकाराला आडवं काय येऊन राह्यलं आता?"

"बाजारातली भाषा घरात नको," आई म्हणाली. पण कणकेतले हात थांबले होते.

"तुला कळतं काय ते," बाबा अगदी हळू म्हणाले. त्यांचा चेहरा तिला एकदम म्हातारा वाटला. जवळ जाऊन बसावं, त्यांचा हात धरावा असंही वाटलं… आणि राग तर होताच.

तिने त्यांच्या हातातून मोबाइल घेतला, तो व्हिडिओ बंद केला आणि मोबाइल उशीवर पालथा ठेवला.

"कळतं. मलाही कळतं, आईलाही. आज तांड्यावर जाऊन आले, त्याच्या आईलाही कळतं. म्हणत मात्र कोणीच नाही. आणि सगळ्यांत जास्त आरडाओरडा करणारी मी — मी पण नाही म्हटलं. वैष्णवीला सांगताना गिळून टाकलं."

"मधु, हळू बोल गं," आई पिठाचे हात घेऊन दारात आली. "खिडकी उघडी आहे. शेजारी ऐकतील."

मधुवंती खिडकीपाशी गेली. एक झडप उघडी होती. तिने दुसरीही ढकलून उघडली. बाहेर कोणीतरी स्कूटर पुसत होतं, ते थांबलं.

"ऐकू द्या," ती म्हणाली. कान कानशिलापर्यंत लाल झाले होते. "बंजारा आहे तो, बाबा. तांड्यावरचा बंजारा. म्हणून अडलं आहे तुमचं, त्या बिचाऱ्या देवमाशापायी नाही. आणि मला तोच हवा आहे. बहुधा नाही, खात्रीशीर."