विटांवरची लँडमास्टर

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा आमच्या जुन्या लँडमास्टर गाडीखाली होता. अगदी खरं सांगते! नुसते बूट बाहेर, आणि त्यांच्यावर पावसाची भुरभुर.

"के ओखाने?" कोण आहे तिथं, असं मी बंगालीत ओरडले.

"विमा ऑफिससे आया हूँ," गाडीखालून उत्तर आलं. मग डोकं आपटल्याचा आवाज, आणि पाठोपाठ चोख मराठीत, "आई गं!"

मला हसूच फुटलं. भवानीपूरच्या आमच्या गल्लीत बाहेरच्या कुणाचं 'आई गं' किती दिवसांत ऐकलं नव्हतं.

श्यामकांत राजवाडे, नागपूरहून बदली होऊन आलेला. चष्म्यावर चिखल, हातात भिजलेली फाईल. बाबा चैत्रात गेले. त्यांचं गाडी शिकवायचं काम आता मी चालवते. भवानीपूरच्या निम्म्या सुना माझ्या हाताखाली क्लच दाबायला शिकल्यात. म्हणजे गाडी आहे तोवर आमची चूल आहे. आणि त्याच गाडीच्या विम्याची मुदत शनिवारी संपून गेली होती! नोटीस बाबांच्या नावानं आली, ती आईनं न फोडता त्यांच्या फोटोमागे ठेवून दिली. मुदत संपल्यावर गाडी पुन्हा बघायला माणूस येतो, तो हा.

"खाली काय शोधत होतात?"

"गंज."

"सापडला?"

"टेंगूळ सापडलं," तो कपाळ चोळत म्हणाला, आणि माझ्याकडे बघतच राहिला... जरा जास्तच.

चहा देताना आईनं सांगून टाकलं, "चेक घटस्थापनेला देईन. पितृपक्षात आम्ही नवीन काही सुरू करत नाही."

"काकू, हे नवीन कुठे? जुनंच पुढे चालू."

"आत्ताच तर म्हणालात, जुनी पॉलिसी संपली, आता आमच्या कालिंदीच्या नावावर नवीन करावी लागेल."

त्यानं घाईघाईनं बिस्किट उचललं. मला इतकं हसू येत होतं! पण जाताना दारात तो हळूच म्हणाला, "पैसे पोचल्याशिवाय विमा सुरू होत नाही हो. तोवर बॅटरी सोडवून ठेवा. सायलेन्सरच्या तोंडात चिंध्यांचा बोळा. घरातले कागदपत्र, गाद्या वर चढवा. घरातल्या सामानाचा विमाही तेव्हाच करू. आभाळ काही बरं दिसत नाही."

"आणि तुमच्याकडे छत्री?"

नव्हती. मी बाबांची दिली. मंगळवार होता तो.

बुधवारी पाऊस लागला तो थांबेचना. अठ्ठ्याहत्तर सालचा तो पाऊस कलकत्त्यात कोण विसरेल! गुरुवारी सकाळी ट्रॅम बंद, रस्त्यावर मांडीभर पाणी, आणि आमच्या उंच अंगणातही गाडीची चाकं बुडायला लागलेली. तशीच पाणी तुडवत कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले आणि एस्प्लनेडला त्याच्या ऑफिसात फोन लावला.

"गाडी तुम्ही बघितलीच आहे ना? चेक आज देते. मंगळवारची तारीख टाका... एवढं कराच."

"नाही टाकणार," तो म्हणाला.

"मग बसा तुमचे नियम कुरवाळत!" मी फोन आपटला आणि दुकानदारासमोरच रडले. रागही आला होता, आणि... त्याच्याकडून नकार आला याचं वाईट जास्त वाटत होतं. खुळीच मी.

दुपारी फाटकाशी कुणीतरी उभं. कमरेपर्यंत चिखल, डोक्यावर उंच धरलेली बाबांची छत्री, तीही मिटलेली!

"उघडायची राहिली का?" माझा राग अजून गेला नव्हता.

"वारा फार होता. तुमच्या वडिलांची वस्तू... मोडली असती." तो धापा टाकत होता. "तारीख खोटी टाकणार नाही म्हणालो. गाडी बुडू देईन असं कुठं म्हणालो? जॅक आहे ना?"

"आहे."

"कुठं लावतात तो?"

"अगं बाई! गाड्यांचे विमे करता आणि..."

"म्हणून तर तुम्ही लागता."

मी पाण्यात हात घालून जॅक लावला, त्यानं दांडा फिरवला. पण चाकांखाली ठेवायचं काय? आई आत गेली. कलकत्त्यात तळमजल्यावरच्या खाटा विटांवरच असतात. तिनं आपल्या खाटेखालच्या विटा ओढून काढल्या आणि एकेक करून आणून दिल्या. तिचे डोळे भरलेले होते. तिसऱ्या चाकाला माझा हात निसटला. जॅक कलंडणार तोच त्यानं माझं मनगट मागे ओढलं, आणि त्याचंच बोट चेंगरलं.

"दुखलं?"

"नाही," तो म्हणाला. मनगट मात्र सोडायचं विसरला होता.

चारी चाकं विटांवर चढली, आणि मग काही करण्यासारखं उरलं नाही. पायरीवर बसून आम्ही तिघं पाण्याकडे बघत राहिलो. पाणी वर... आणखी वर... संध्याकाळी गाडीच्या दारापासून चार बोटं खाली ते थांबलं. तासभर बघितलं. थांबलंच होतं!

आई उठली, बाबांच्या फोटोमागे लिहून ठेवलेला चेक काढला आणि त्याच्या हातात ठेवला. "आमच्या यांना चालेल. घ्या."

त्यानं चेक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून खिशात ठेवला. "ऑफिस उघडलं की पहिलं काम हेच, काकू." मग आई त्याच्या बोटाला बांधायला चिंधी आणायला आत गेली.

"मार्चमध्ये माझी बदली होईल कदाचित," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "त्याआधी मला तुम्हाला एक विचारायचंय... पण घटस्थापनेलाच विचारतो. पितृपक्षात तुमच्याकडे नवीन काही सुरू करत नाहीत ना?"

माझी छाती इतकी धडधडत होती, की वाटलं, आत आईला ऐकू जाईल.

"नवीन कुठंय?" मी म्हणाले. "मंगळवारीच सुरू झालंय."