एका अर्ध्याचे दोन अर्थ

कवडसीच्या शाळेत आता फळा नव्हता आणि त्याची उणीव कुणालाच भासत नव्हती. सकाळी दहाला चाळीस मुलं आपापल्या जागी बसत, कपाळाला पट्टी लावत, आणि प्रत्येकासमोरच्या पडद्यावर ज्याचा त्याचा धडा सुरू होई. 'निजपाठ' ही ऑनलाइन पद्धत गावात येऊन सहा वर्षं झाली होती. त्या सहा वर्षांत गावातलं एकही मूल गणितात नापास झालं नव्हतं.

निजपाठामागची कल्पना साधी होती. एकच गोष्ट प्रत्येक मेंदू वेगळ्या वाटेने आत घेतो. कुणाला चित्रातून उमगतं, कुणाला हालचालीतून, कुणाला आवाजातून. शिक्षक मात्र सगळ्यांना एकाच वाटेने नेतो, म्हणून निम्मे मागे राहतात. कपाळावरची पट्टी मेंदूतली सूक्ष्म विद्युत स्पंदनं टिपून दूरच्या संगणकाकडे पाठवी, आणि संगणक त्या मुलापुरता धडा तिथल्या तिथे रचून देई. उदाहरणं त्याची, खुणा त्याच्या, गरज पडली तर शब्दही त्याच्यासाठीच घडवलेले.

प्रल्हाद हटवार गावच्या पाणीपुरवठा योजनेवर पंपचालक होता. कृत्तिका आणि मघा या त्याच्या जुळ्या मुली. दोघी पाच वर्षांच्या असताना निजपाठात गेल्या आणि दोघीही दर वर्षी पहिल्या येत. कृत्तिका चालण्यातून, वळण्यातून शिकली होती, मघा सुरांतून. घरात दोघींचं छान जमे. जेवणखाण, खेळ, भांडण यांना साधी मराठी पुरत होती.

त्या मे महिन्यात प्रल्हादचा हात दुखावला, म्हणून टाकीत ब्लीचिंग पावडर घालायला त्याने मुलींना पाठवलं. कृत्तिका खाली पातळीची पट्टी वाचत होती, मघा वर माप घेऊन उभी होती. टाकी अर्धी होती, तेव्हा पावडरही अर्धी हवी होती. कृत्तिका ओरडून म्हणाली, "परतीइतकी टाक." मोजमाप आलं की तिच्या तोंडी धड्यातलाच शब्द येई; परती म्हणजे अर्ध्या वाटेवरून मागे वळणं. मघाने विचारलं, "कोणत्या सुराची?" आपली थट्टा चालली आहे असं दोघींनाही वाटलं. मघाने अंदाजाने डबा रिकामा केला. उग्र वास आला तेव्हा प्रल्हाद धावला, टाकी उपसली, आणि गाव दिवसभर पाण्याविना राहिलं.

संध्याकाळी त्याने दोघींपुढे एकेक पोळी ठेवून अर्धी करायला सांगितली. दोघींनी अचूक केली. मग अर्धं म्हणजे काय ते एकमेकींना सांगायला लावलं. तासभर दोघी सांगत राहिल्या. शेवटी मघा रडू लागली. कृत्तिकाने तिला जवळ घेऊन पुन्हा समजावायला सुरुवात केली, तशी ती जास्तच रडली.

पंधरा दिवसांनी नागपूरहून डॉ. इंद्रायणी सोहोनी आल्या. निजपाठ घडवणाऱ्यांपैकी त्या एक. त्यांनी मुलींच्या सगळ्या नोंदी तपासल्या आणि दोघी एकच गोष्ट दोन वेगळ्या रस्त्यांनी शिकल्याचं सांगितलं.

मुलींची आई शैला म्हणाली, "मॅडम, रस्ते दोन असले तरी पोचायचं गाव एकच ना?"

"आम्हालाही तसंच वाटलं होतं," बाई म्हणाल्या. "पण मेंदूत रस्ता आणि गाव वेगळे नसतात. जिने ज्या वाटेने अर्धं ओळखलं, तिचं अर्धं त्या वाटेचंच बनलेलं असतं."

दोघींना यापुढे एकच धडा द्या, असं प्रल्हादने सुचवलं. ते जमण्यासारखं होतं. त्यासाठी एकीला सहा वर्षांचं शिकलेलं बाजूला ठेवून दुसरीच्या वाटेने पहिल्यापासून यावं लागणार होतं.

"कोणी?" प्रल्हादने विचारलं.

"ते मी नाही सांगू शकत."

महिना गेला. आईबापांना निवड करवेना. मग एके दिवशी कृत्तिकाच म्हणाली, "मी शिकते मघाचं." ती सात मिनिटांनी मोठी होती.

नव्या धड्यांना सुरुवात झाली. कृत्तिका कानांना यंत्र लावून सूर ऐकत बसे. ते तिच्यात रुजेनात आणि जुनं मात्र पुसट होत गेलं. चार महिन्यांनी शैलाने तिला अर्धं म्हणजे किती असं विचारलं. तिने पाऊल उचललं, थांबली, काहीतरी गुणगुणली आणि आईकडे बघत राहिली. शैलाने फोन करून हे धडे थांबवून जुने पुन्हा सुरू करायला सांगितलं, तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या की मागे फिरणं हेही नवं शिकणंच असतं आणि जुनी वीण आता सैल झाली आहे. आजवर कुणी मागे फिरायला निघालंच नव्हतं, म्हणून हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी माफी मागितली. शैलाने फोन ठेवला.

तोवर इतर घरांतही भावंडांचं एकमेकांशी जुळेनासं झालं होतं. शाळेने प्रत्येक मुलाला एकेक 'दुभाष्या' दिला. हे छोटं यंत्र एका मुलाच्या वाटेचं बोलणं दुसऱ्याच्या वाटेत फिरवून सांगे. पालक समाधानी झाले.

एका दुपारी शैला ओसरीवर चिंचोके मांडून कृत्तिकाला पहिलीच्या मुलासारखं शिकवत होती. मघा शेजारी येऊन बसली. थोडा वेळ बघून तिने बहिणीला मदत करायला दुभाष्या पुढे धरला आणि आपल्या सुरांच्या पद्धतीने अर्धं समजावून सांगितलं.

यंत्र म्हणालं, "समोरच्या व्यक्तीची भाषा कोणत्याही नोंदीशी जुळत नाही."

मघाने पुन्हा सांगितलं, सावकाश. यंत्राने तेच उत्तर दिलं.

"आई," कृत्तिकाने विचारलं, "काय म्हणते ती?"

शैलालाही ते कळलं नव्हतं.